जात्यावर बसलेला शिपाई

प्रिय दादा,

तू गेल्यावर आज पहिल्यांदाच तुले लिहून राह्यली. तुझा भाचा, माझा यशवंत, लढाईवरून घरी आला ना! खांद्याले गोळी लागली होती. जखम भरली, पण उजवा हात छातीच्या वर जात नाही. दवाखान्यातून सांगितलं, घरीच रोज हात चालवत जा. तो मात्र खाटेवर पडून राह्यते. "आई, असा हात घेऊन मी वावरात काय करू?" म्हणते. मग मले तूच आठवला.

तूही पहिल्या महायुद्धातून जऊळक्याच्या ठेसनावर असाच उतरला होता, हात गळ्यात बांधून. हात मोकळा कराले आखाड्यात जायची तुले लाज, लोक हात पाहतीन म्हणून. तवा मीच म्हटलं, "मग जात्यावर बस."

केवढे डोळे वटारले होते तू! "मी शिपाई हाव गंगू. बायकांचं काम करू?"

"नको करू. नुसता जात्याच्या खुट्याले हात लाव, ओढीन मी."

दार लावून बसलाच तू जात्यासमोर. पण जात्यावर बहीण ओवी म्हणते ती भावाचीच. भाऊच समोर बसल्यावर काय म्हणावं? तरी म्हटली मी, माझा भाऊ कसा देखणा, कसा दिलदार. तू लाजून लाल. "बस कर व, पीठ गोड होईन!" हसता हसता मी खुटा कधी सोडला, तुले समजलंच नाही. जातं तू एकटाच ओढून राह्यला होता.

त्या मिरगाच्या पेरणीले तू त्याच हातानं तिफन धरली. शेजारच्या बाया तर मुद्दाम दारात यायच्या, "शिपाईबुवा, आमचंही दळून देता का?" अन् तू खुशाल दळून द्यायचा.

एवढ्या लवकर देवाघरी काहून गेला रे? तू गेल्यापासून भावाची ओवी मी तोंडातच घेतली नव्हती. म्हणू कोणासाठी?

आज सकाळी यशवंतले जात्यावर बसवलं. "लोक हसतीन आई," तो पुटपुटला. मी जात्यात ज्वारीचा घास टाकला अन् ओवी आपोआप आली, तुझीच. अर्ध्यावरच थांबली मी. तर तो म्हणते, "थांबली काहून? मामाची म्हण ना." हात अवघडला होता, पण खुटा त्यानं सोडला नाही. मले किती आनंद झाला, काय सांगू!

दादा, आता गावात चक्की आली. सारं गाव तिथंच दळते. पण तुझ्या भाच्याचा हात डोक्याच्या वर जाईपर्यंत या घरचा दाणा चक्कीवर जाणार नाही, हा माझा शब्द.

तुझी भांडखोर बहीण,
गंगू