अर्धी धुतलेली चिंधी

माय, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझं शिलाई मशीन माझ्याच पायाच्या सवयीचं झालं आहे. मंगरूळपीरचं आपलं दुकान तसंच आहे, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुढे दुकान आणि मागे स्वयंपाकघर. मी ब्लाउज शिवते, कापड विकते आणि शिवाय एक उद्योग करते. तो तुला कसा समजावून सांगावा, याचाच विचार सकाळपासून करते आहे. मी मोबाइलवर लिहिते. कोणतं कापड उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, कोणत्या काजळाने डोळे चुरचुरतात, सावळ्या अंगावर कोणता रंग उठून दिसतो, असलं. त्याला ब्लॉग म्हणतात. तू म्हणाली असतीस, "अन् हे वाचते कोन?" वाचतात माय. वाशीमच्या, मानोऱ्याच्या, कामासाठी लांब गेलेल्या आपल्याकडच्या पोरी वाचतात आणि ताई ताई करून विचारतात. ब्लॉगच्या नावाखाली मी एक ओळ लिहून ठेवली आहे: स्वतः वापरल्याशिवाय इथे काही लिहिलं जात नाही. ही ओळ तुझी आहे. तुला न विचारता घेतली, एवढंच.

कारण दुकानात नवा तागा आला की तू आधी त्याची चार बोटं रुंद चिंधी कापायचीस. तिचे दोन तुकडे करायचीस, एक बादलीत पिळून उन्हात वाळवायचीस, आणि मग धुतलेला न धुतलेला असे दोन्ही एका टाचणीने दाराजवळच्या दोरीवर लावायचीस. बाईनं कापड हातात घेतलं की तू तिला दोरी दाखवायचीस. "पाहून घे बाई, आज असं दिसते अन् धुतल्यावर असं दिसन." कित्येक बायका पाहून परत जायच्या. मला तुझा राग यायचा. शेजारचा दुकानदार तर हसायचा, म्हणायचा, ही बाई माल विकते का माल परत पाठवते!

तो मरून रंगाचा तागा तुला आठवत असेल. मी सातवीत होते. बाजाराचा दिवस, तू मागे भाकरी टाकत होतीस, तव्याचा खमंग वास दुकानापर्यंत येत होता. इंझोरीची एक बाई आली, भावाच्या लग्नासाठी ब्लाउजपीस हवं होतं. तिनं विचारलं, "रंग तं नाई ना जाईन वो पोरी?" मी दोरीकडे पाहिलं. तागा सकाळीच आलेला, त्याची चिंधी अजून कापलीच नव्हती. आणि मी अगदी तुझ्याच आवाजात सांगितलं, "नाई जात काकू, पक्का रंग हाये." ती घेऊन गेली. मला वाटलं तू शाबासकी देशील. तू पिठाचे हात पुसत बाहेर आलीस, ताग्याकडे पाहिलंस, दोरीकडे पाहिलंस.

"धुवून पाह्यलं होतं काय?"

"व्यापाऱ्यानं सांगतलं होतं ना, पक्का हाये म्हणून."

"त्यानं तं सांगतलं. तू काहून सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून तू मला पहिल्या बसनं इंझोरीला घेऊन गेलीस. तिच्या अंगणात मला उभं केलंस. मी मान खाली घालून म्हणाले की मी न पाहताच सांगितलं होतं. ती बाई खळखळून हसली. "एवढ्यासाठी आल्या वो बाई?" तिनं चहा ठेवला, तू बादली मागितलीस, आणि आपण तिघींनी ते कापड बुडवून पाहिलं. पाणी जसंच्या तसं राहिलं. रंगाचा टिपूससुद्धा नाही. मी अशी काही खूश झाले! म्हटलं, आता तुला बोलायला तोंड नाही. तू कापड पिळून दोरीवर टाकलंस आणि शांतपणे म्हणालीस, "रंग नाई गेला, बरं झालं. पन तुले ते ठाव नव्हतं." तेव्हा मला वाटलं होतं की तू हट्टी आहेस. आज मला त्या अंगणातली बादली फार आठवते आहे.

तर झालं असं. लग्नसराईच्या तोंडावर एका कंपनीनं मला एक खोकं पाठवलं, फुकट. त्यात चेहऱ्याची क्रीम होती. माझा नियम असा की कोणतीही गोष्ट महिनाभर वापरायची, मगच लिहायचं, आणि फुकट आली असेल तर तसं सांगायचं. पण कंपनीतल्या एका पोरीचे फोनवर फोन. ताई, लग्नं आली, आता नाही तर कधी? इतक्या मोठ्या लोकांनी मंगरूळपीरच्या शिंपिणीला विचारलं, याचीच मला भुरळ पडली. मी क्रीम चार दिवस लावली, खिडकीशी बसून भर उजेडात फोटो काढला आणि लिहिलं: महिनाभर वापरली, चेहरा उजळला. फुकट आली हे लिहायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. मीच लिहिलं नाही.

परवा एक मुलगी दुकानात आली, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहते, पुढच्या महिन्यात लग्न. ओढणीनं तोंड बांधलेलं. दोरीवरच्या चिंध्या तिनं बोटांनी चाचपल्या आणि ओळखीचं हसली, कारण त्यांच्याबद्दल मी ब्लॉगवर लिहिलं आहे. मग ओढणी सोडली. दोन्ही गालांची सालटं निघाली होती माय, आत लालबुंद.

"ताई, तुमी महिनाभर लावली ना? तुमाले तं काईच झालं नाई. मले आठ दिवसातच आग होऊन राह्यली. माह्याच चामडीत काई खोट असन काय वो?"

ती तक्रार करायला आली नव्हती. स्वतःची खोट विचारायला आली होती. आणि मी काय केलं? तिला पाणी दिलं, म्हटलं, "लावनं बंद कर, आजच डॉक्टरले दाखव." ते बरोबरच होतं. पण चार दिवसांची गोष्ट माझ्या ओठांवर आली आणि मी ती गिळली. ती माझा नंबर घेऊन, आभार मानून बसकडे गेली. ती गेल्या गेल्या मी तो लेख ब्लॉगवरून काढून टाकला. कुणाला पत्ता लागला नाही. ती मात्र अजून स्वतःच्याच कातडीला दोष देत असेल.

मला तू हवी आहेस. क्षमा करायला नाही, ते तुला कधी नीट जमलंच नाही. तू मागच्या दारातून हात पुसत यावंस आणि विचारावंस, धुवून पाह्यलं होतं काय. आता हे मला कुणी विचारत नाही. सगळे म्हणतात, किती छान लिहितेस. आज दुपारी मी दुकान बंद ठेवलं आणि खरं काय ते सगळं लिहून काढलं, फुकटचं खोकं, चार दिवस, खिडकीचा उजेड. ते ब्लॉगवर टाकणार आहे, पण आधी तांड्यावर जाऊन त्या मुलीच्या अंगणात उभी राहून तिला सांगणार आहे. सकाळी मानोऱ्याची पहिली बस आहे. या वेळी बादलीतलं पाणी स्वच्छ निघणार नाही, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक सांगायचं आहे. तुझ्याबद्दल ब्लॉगवर लिहिलं तेव्हा मी लिहिलं होतं की इंझोरीच्या बसमध्ये माझ्या आईनं माझा हात घट्ट धरला होता. वाचून पोरींना रडू आलं. पण तू धरला नव्हतास. तू खिडकीबाहेर पाहत होतीस, आणि मीच तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसले होते, तुझ्या लक्षात येऊ नये अशा बेतानं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घडी करून मुठीत ठेवते. सकाळच्या बसमध्ये धरायला काहीतरी हवं.