वांग्याची चाळीस रोपं

४ ऑक्टोबर १९८६
शाळेतून आले ती तशीच वाडीत. रोपं आज लावायलाच हवी होती, पाऊस गेला, आणखी उशीर केला तर वांगी कसली मिळतायत. चाळीस रोपं. पाणी शेंदून घातलं. कंबर गेली. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. विचारलं, "आई, अंतर बरोबर आहे ना?" त्यांची नजर रोपांवरच. लग्न होऊन आले तेव्हा मला माठ आणि मुळा ओळखता येत नव्हता. सगळं आईंनीच शिकवलं, हात धरून.

५ ऑक्टो., रविवार
चर्चमधून, मिस्साहून आले. चाळीसच्या चाळीस उपटलेली. मुळांची माती झटकून, जुडी करून विहिरीजवळ ठेवलेली, गाईला गवत ठेवतात तशी. आई हात धूत होत्या. "किती रान माजलं होतं. कोन बघत नाय."
भात लावला.

११ ऑक्टो.
शेजारच्या अंतोनकाकांकडून परत रोपं आणली. पंचवीसच मिळाली. लावली. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, औषध नाही. हे बहारीनला, पत्राचं उत्तर यायला महिना. वाडीच्या फाटकाला दोरी बांधली, आईंना सोडता येणार नाही अशी गाठ.

२४ ऑक्टो.
अंतोनकाका सांगत होते, मी शाळेत असते तेव्हा आई फाटक धरून उभ्या असतात. भर उन्हात. "घरात जा म्हटलं तर म्हनते, मालकीण आल्याबिगर कामाला हात कसा लावू."
मालकीण म्हणजे मी.
दोरी ठेवली तशीच. वाल पेरला. उगवला तर उगवला.

९ नोव्हें., रविवार
नणंद आली, फिलोमिना, विरारहून. "वैनी, किती वाळलीस. आईला मी नेते महिनाभर." तिसरा मजला, दोन खोल्या, मुलांचे अभ्यास, तरी म्हणाली. मी नको म्हटलं नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं. आई टांग्यात बसल्यावर विचारत होत्या, भात झाकला का.

१६ नोव्हें.
दु. झोपले. चक्क दोन तास. वांग्यांना फुलं आलीत. वाल वर सरकतोय, काठ्या लावल्या. घरात कोणी नाही आणि बरं वाटतंय. कुमसाराला गेले की फादरांना हे सांगायचं का? पाप आहे का हे? नसेल तर मग एवढं…

२८ नोव्हें.
फि. आईंना घेऊन परत. तीन आठवडेही झाले नाहीत. तिच्या समोरच्या बिऱ्हाडाची कुंडीतली तुळस आईंनी उपटली. "त्या बाईच्या मी पाया पडले वैनी. काही बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं." चहा तसाच ठेवून रडली. "माझ्याच्यानं नाही होत गं."
तिचंही खरं. आई ओट्यावर बसल्या, जशा कुठे गेल्याच नव्हत्या.

६ डिसें.
लिहू नये असं वाटतं.
सकाळी घाईत दोरी बांधायची राहिली. सं. आले तर आई वाफ्यात. सात झाडं गेली, सगळी फळ धरलेली. आठव्याला हात घातला आणि मी त्यांचं मनगट धरून ओढलं. जोरात. ओरडलेही असेन, कारण अंतोनकाका कुंपणाशी धावत आले. आई एवढंच म्हणाल्या, "मारू नको बाई. जाते मी."
मनगटावर माझी चार बोटं. खोबरेल लावलं. लावू दिलं त्यांनी. तेल लावणारी आणि ओढणारी एकच, हे कळलं की नाही कोण जाणे.

१३ डिसें.
ह्यांचं पत्र. "तू म्हणशील तसं कर." मी काय म्हणते तेच तर…
शाळा सुटल्यावर सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाऊन आले. नाताळनंतर एक खाट रिकामी होईल. सिस्टर मायाळू. सगळं दाखवलं. स्वच्छ. अंगणभर फरशी, म्हातारी माणसं घसरू नयेत म्हणून खरखरीत घातलेली. माती कुठेच नाही.

२ जानेवारी १९८७
नाताळ झाला. आईंनी चर्चमध्ये सगळी गाणी म्हटली, एक शब्द चुकल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या. मी माझ्या माहेरचं गाव सांगितलं. "चांगली मान्सं तिकडची," म्हणाल्या.
आश्रमातून चिठ्ठी आली. दहा तारखेपर्यंत कळवा, मागे रांग आहे.

८ जाने.
सकाळी उत्तर लिहायला बसले. 'प्रिय सिस्टर' एवढंच झालं. शाळेत रजा कळवली. फाटकाची दोरी सोडली आणि आईंना आत घेतलं. जाईल ते जाईल.
वालाच्या वाफ्यात खरंच गवत माजलं होतं. एका टोकाने त्या, एका टोकाने मी. त्यांच्या हातून गवताबरोबर वेलही येत होते. मी बघायचं सोडून दिलं. मधोमध गाठ पडली. माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "हात चांगलाय तुझा. घरी कोन कोन असतं?"
"सासू आहे."
"जाच करते?"
खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. तोंडावर दिसत होतं.
म्हटलं, "करते."
"माझी पन करायची," म्हणाल्या, आणि सरकून पुढचा वाफा धरला.
उद्या नऊ तारीख.