पिसं आणि काळं

नेपरव्हिल, ४ मार्च १९८६

मीनलच्या शाळेत आज नाटक होतं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, सरकारनं व्हिस्कीवर कर बसवला आणि पेन्सिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याला डांबर फासून वर पिसं चिकटवली, तो प्रसंग. मीनल शेतकरी झाली होती. पिसं तिनंच चिकटवली. सगळा हॉल हसला. मला हसू येईना.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट क्लॅप."

मग सांगून टाकलं. तुझे आजोबा, माझे अण्णा, विक्रीकर खात्यात होते. कराविरुद्धच्या मोर्च्यातल्या लोकांनी भर बाजारात त्यांच्या तोंडाला काळं फासलं होतं.

"बट द टॅक्स वॉज अनफेअर, बाबा!"

"तोही अनफेअरच होता गं."

खरंच होता. कॉलेजात मीही तेच ओरडून सांगायचो.

"वेअर वर यू?"

"त्याच मोर्च्यात."

पुढचं मला सांगवेना. तेव्हाही लोक असेच हसत होते. मी हसलो नाही, पण पुढेही झालो नाही. इतकी वर्षं स्वतःची समजूत घालतोय की डोळ्यांत काळं गेलं होतं, अण्णांना मी दिसलोच नसेन.

दिसलो होतो. त्या संध्याकाळी तोंड धुऊन, कानांमागे तसंच राहिलेलं काळं घेऊन अण्णा पानावर बसले आणि आईला म्हणाले, "त्याला आधी वाढ. सकाळपासून उन्हात उभा होता."