मुलाचा कर माझ्या ठेवीतून भरावा

मी, वय वर्षे एकोणऐंशी, सरकारी तंत्रशाळेत चौतीस वर्षे लेथ शिकवून निवृत्त झालेला शिक्षक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी लिहून दिले. तो कागद सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे, आणि रागाने मृत्युपत्र बाद होत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात अर्धे घर मुलाच्या नावे होते.

१. राहते घर, म्हणजे वरचा मजला आणि गच्ची, मुलीला. ती टपाल कचेरीत काम करते. तिचा कर पगार हाती पडण्याआधीच कापतात, ‘भरणार का?’ असे तिला कधी कोणी विचारलेले नाही. गच्ची गळते. खालच्या मजल्यावरचे माझे भाऊ त्यांचा गवंडी सुचवतील, त्याला जिना चढू देऊ नये. दोनदा फसवले आहे त्याने.

२. मायक्रोमीटर, दोन्ही कॅलिपर आणि लेथची सगळी पाती तंत्रशाळेला. याच शाळेत, सरकारी लेथवर, माझ्याच हाताखाली माझा मुलगा शिकला. पहिल्या वर्षी त्याने ढीगभर सळया वाया घालवल्या, त्याबद्दल सरकारने त्याच्याकडे काही मागितले नाही. आज तो परदेशात मोठ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मला त्याचा अभिमान होता. ‘होता’ हे विचारपूर्वक लिहिले आहे.

३. मुलाला मी काहीही देत नाही. हे विसरल्याने घडलेले नाही, म्हणून कारण लिहितो.

परदेशी राहणाऱ्या नागरिकांनी मायदेशालाही थोडा कर द्यावा, असा कायदा झाला. तो योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, मी इथे कर भरतोच. तिकडचा रस्ता वापरत नाही, तिकडचं पाणी पीत नाही. दोनदा का भरू?”

मुद्दा चुकीचा नव्हता. मी म्हटले, “मग नागरिकत्व सोड आणि उजळ माथ्याने नाही म्हण.”

“पासपोर्ट कोण सोडतं हो? असू दे, अडीअडचणीला.”

त्यानंतर त्याच्या करसल्लागाराने कागद धाडला. ‘माझा मुलगा माझ्याजवळ राहतो, बेकार आहे, माझ्यावर अवलंबून आहे.’ खाली माझी सही हवी होती. मी नकार दिला. तेव्हा मुलगा म्हणाला, “मग सुट्टीत नातीला आणणं जमायचं नाही. कर थकला म्हणून विमानतळावरच अडकवतील मला.” नात तेव्हा चार वर्षांची होती. मी सही केली. पुढल्या वर्षी पुन्हा केली. त्याच्या पुढल्या वर्षी तर वाचलेही नाही.

मग तिकडे लढाई पेटली. आपल्या सरकारने विमान पाठवून आपली माणसे परत आणली, त्यांत मुलगा, सून आणि नात होती. मुलगी आणि मी विमानतळावर गेलो. कठड्यापलीकडे अधिकारी यादी घेऊन उभा होता. “नागरिकांनी आधी पुढे या,” तो म्हणाला. माझा मुलगा पासपोर्ट डोक्यावर उंच धरून, एका म्हातारीला कोपराने बाजूला सारून पुढे घुसला. “मी नागरिक! आम्ही तिघं नागरिक!” बाहेर आल्यावर पहिले वाक्य काय, तर “तीन तास नुसतं उभं ठेवलं. या देशात काही सुधारणार नाही.”

मुलगी एवढेच म्हणाली, “दादा, विमान फुकट नव्हतं. आम्ही दिलेत त्याचे पैसे.”

“आमच्यावर उपकार करायला सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. मला शिसारी आली. आपल्याच पोराची शिसारी येणे फार वाईट असते.

लढाई थांबली, तो परत गेला. महिन्याभरात चौथा कागद आला. तो मी फाडला. दुसऱ्या दिवशी करकचेरीत जाऊन आधीचे तिन्ही कागद खोटे असल्याचे सांगितले. खिडकीतल्या कारकुनाने जांभई दिली. “काका, कशाला उकरून काढताय? फाइल बंद झालीय. सगळेच करतात.” त्याच्या पगारातूनही कर कापला जात असेल. तरी त्याला काही वाटले नाही, याचीही मला किळस आली.

४. म्हणून, बँकेतल्या ठेवीतून त्या तीन वर्षांचा मुलाचा कर दंडासह सरकारी तिजोरीत भरावा. कारकून घेईना, तर वकीलबाईंनी त्याच्या वरिष्ठाकडे जावे. त्यांनी तसे कबूल केले आहे. पावतीवर मुलाचे नाव घालावे आणि ती त्याला धाडू नये. धाडली तर तो ती चौकटीत बसवून भिंतीला लावील. उरलेली रक्कम मुलीची.

५. नातीला माझे घड्याळ. ती मोठी होऊन विचारील, तेव्हा आत्याने तिला हे मृत्युपत्र वाचायला द्यावे, एकही ओळ न गाळता.

६. तंत्रशाळेने माझ्यासाठी शोकसभा घेतली तर माझी हरकत नाही. मात्र फलकावर ‘सचोटीचे शिक्षक’ असे लिहू नये. मी तीन सह्या केल्या आहेत. ‘लेथ उत्तम शिकवत’ एवढेच लिहावे. ते खरे आहे.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त लेथ-शिक्षक
साक्षीदार १: (सही) समोरच्या दुकानातील शिंपी
साक्षीदार २: (सही) तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार