पांढऱ्यावर पांढरं घड्याळ

जेपारा, १२ जुलै २०१०

चि. विदुरीस मामाचे अ. आ.

पत्र पोचलं. सोबत पांढऱ्या रंगाच्या नमुन्याचे सात तुकडे निघाले. मला सातही सारखेच दिसले. तुझी मामी म्हणाली, पोरीनं एकच कागद फाडून पाठवलाय.

घड्याळाची यादी वाचली. आकडे नकोत. टिकटिक नको. वेलबुट्टी नको. काटे भिंतीच्याच रंगाचे आणि दोन्ही सारख्या लांबीचे. भिंतीवर घड्याळ आहे हे पाहुण्याला चटकन कळता कामा नये, असं तुझा तो सजावटवाला म्हणतो. मग बये, कोरी भिंतच बघत बसा की. खिळा तरी वाचेल. चाळीस वर्षं सागवान कोरतोय, न दिसणारं काम आजवर कुणी मागितलं नव्हतं. तसलं काम आमच्याकडे चोर करतात.

एकच सांग. त्या खोलीत दिवसभर बसतं कोण? तू आणि जावई सातला घराबाहेर पडता. मी आधी माणूस बघतो, भिंतीचं माप शेवटी घेतो. माणसाचं तू लिहिलंच नाहीस.

तुझ्या आईला सुके मासे धाडलेत. एकविसाव्या मजल्यावर वास सुटला तर सजावटवाल्याला बोलव.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवू नकोस, टिकव.

साकिमान


जकार्ता, २३ ऑगस्ट

ती. मामांना सलाम वि. वि.

घड्याळ अगदी यादीबरहुकूम केलंत. सोबत फोटो आहे. भिंतीत विरघळूनच गेलंय. पाहुणे शोधतात, मग आम्ही दाखवतो. दिवसभर घरी आईच असते. तिला कुठं वेळेवर पोचायचं असतं, म्हणून तिचं लिहिलं नव्हतं.

आता तिच्याचबद्दल लिहायचंय. आईचं काही खरं नाही, मामा. चौथ्या रोजाला आम्ही घरी आलो तर ती खजूर खाऊन, ताट धुऊन बसलेली. रोजा सुटतो सहाच्या सुमाराला, तेव्हा सव्वापाचसुद्धा झाले नव्हते. काचा बंद, पडदे ओढलेले, बांग वर ऐकू येत नाही, हे खरं. पण समोर घड्याळ होतं ना? ती म्हणाली, सहा वाजलेत. मी फोन दाखवला तशी रडायला लागली. साठ वर्षांत तिचा रोजा मोडला नव्हता. परवा पुन्हा तेच झालं. रक्तदाबाची गोळीही दोनदा घेतली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार असू शकतो.

ईदनंतर तिला म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवावं म्हणतोय. तुम्ही मोठे, तुमचा होकार हवा. तिनंही मान डोलावली. म्हणाली, "माझंच डोकं गेलं असेल."

मामींना सलाम. माया कमी करू नका.

विदुरी


जेपारा, २७ ऑगस्ट

विदुरी,

आशीर्वाद शेवटी. आधी ऐक.

होकार नाही. तू पाठवलेला फोटो मामीपुढे धरला. ती म्हणाली दहा वाजून दहा मिनिटं. मला दिसले दोनला दहा कमी. त्यावरून जेवण होईस्तोवर भांडलो. दोन धडधाकट माणसं. सांग, कुणाला निवासात धाडतेस? पाच आणि सहा यांत तीन बोटांचं अंतर, पांढऱ्यावर पांढरा काटा, आणि बघणारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. डोकं गेलंय खरं, पण तिचं नाही.

माझंही गेलं होतं. कळत होतं तरी केलं, तुझी कटकट नको म्हणून. माझ्याच हातानं माझ्या बहिणीला, सुवार्सीला, वेडी ठरवलं.

दुसरं घड्याळ ट्रकवाल्याबरोबर धाडलंय. आकडे अंगठ्याएवढे, खोल कोरून काळे केलेत. टिकटिक शेजाऱ्यालाही पुरेल. तुझ्या खोलीला शोभणार नाही. ती चटईवर बसते तिथून दिसेल असं खाली लाव. आठ दिवस बघ. त्यावरही चुकली तर मी स्वतः येऊन निवासाच्या कागदावर सही करतो.

आता घे आशीर्वाद.

साकिमान


जकार्ता, ८ सप्टेंबर

ती. मामांना सलाम वि. वि.

आठ दिवस झाले. आई एकदाही चुकली नाही. गोळीसुद्धा नाही.

काल सजावटवाला आला होता. तुमचं घड्याळ बघून म्हणाला, खोलीचा तोल गेला. आईनं त्याला पांढऱ्याकडे बोट करून विचारलं, बाबा, त्यात किती वाजले सांग. तो खूप वेळ बघत राहिला आणि मग हळूच मनगटाकडे बघायला लागला. आई इतकी हसली की मला रडू आलं. निवासाचा कागद मी फाडला.

तिचा निरोप जसाच्या तसा देते, रागावू नका: "दादाला म्हणावं, सातचा आकडा वाकडा आलाय. डोळे त्याचे गेलेत, डॉक्टरकडे त्याला न्या."

पांढऱ्याचं काय करू? तुमच्या पायांशी,

विदुरी


जेपारा, १४ सप्टेंबर

चि. विदुरीस अ. आ.

पांढरं परत धाड. कोंबड्यांच्या खुराड्यावर लावतो. त्यांना वेळ कळायला घड्याळ लागत नाही.

पडदे उघडत जा. मोतीबिंदू काढायचं बघ. सजावटवाल्याला पुन्हा चहा देऊ नकोस.

आणि सुवार्सीला सांग, सात वाकडाच आहे. मुद्दाम वाकडा कोरला. मलाही बघायचं होतं, तिला दिसतो का.

साकिमान