बाबांची फळी आणि मिर्ताचा साबण

ताकुआरेम्बो, सोमवार

तीर्थस्वरूप झुल्माताईस,

धाकट्या एवारिस्तोचा वाकून नमस्कार. तुझा डावा गुडघा आणि मेर्सेदेस गावची हवा यांचं अजून पटलेलं नसेलच. (उजवा बरा असल्याचं मागे कळवलं होतंस, त्याला माझे आशीर्वाद.) माझी तब्येत उत्तम आहे, फक्त जगायची हौस उरलेली नाही. तेव्हा ताई, तुझी मागची खोली रिकामी कर. मी कायमचा येतो आहे. कारण सविस्तर लिहितो. येर्बाच्या चहाचा पेला भरून घेऊन बस.

आपल्या बाबांची मांस कापायची फळी गेली. हो, तीच. कुंपणाचा जुना खांब उभा चिरून, दोन तुकडे लाकडी खिळ्यांनी सांधून त्यांनी केलेली, कडेने रस अडवायची खाच असलेली. एकोणसाठ वर्षं दर रविवारी निखाऱ्यावरच्या बरगड्या मी तिच्यावर कापल्या आणि एकदाही तिला पाण्यात बुडू दिलं नाही. सुरीच्या पाठीने खरवडायची, जाडं मीठ नि अर्धं लिंबू घासायचं, ओल्या फडक्याने पुसून सावलीत उभी टेकवायची (आडवी ठेवली की लाकूड रुसतं), आणि शनिवारी कोमट चरबी. चरबी किती वेळ चोळायची ते मी कधी घड्याळाला विचारलं नाही. शाळेत ओफेलियाबाईंनी आपल्याला एका बाकावर बसवून घोकून घेतलेली ती नांगराच्या बैलांची कविता आठवते ना? आठ कडवी या बाजूला, आठ त्या बाजूला. लाकूड चरबी पितं ते तालात पितं. (बाईंची पट्टीही त्याच लाकडाची असावी, माझा तळवा अजून साक्ष देईल.) ते माळ, ती एकच वर्गखोली, खिडकीतून आत डोकावणारा तो घोडा! असो. आता खिडकीतून शेजाऱ्यांची मोटार दिसते.

आमची सून मिर्ता मात्र साबणाच्या पक्षाची. आल्या दिवसापासून फळीकडे संशयाने बघायची. "बाबा, यात जंतू असतात हो." मी म्हणालो, "तुझ्याआधी आलेत ते या घरात. जरा मानाने वाग त्यांच्याशी." त्यावर हसली. हसणाऱ्या माणसाशी भांडण पुढे नेता येत नाही, हा तिचा पहिला अपराध.

काल आमचा लेक नेल्सन निखारे करत होता. मी फळी आणायला मागच्या पडवीत गेलो, तर कपड्यांच्या टबात साबणाच्या गढूळ पाण्यात फळी. फळी कसली, फळ्या! सांधा उकलून दोन तुकडे, फुगलेले, पांढरट, बुडालेल्या माणसासारखे. मी असा ओरडलो की कुत्रा दोन घरं पलीकडे गेला. नेल्सन धावत आला. "कोणी केलं हे?" मिर्ताने माझ्याकडे पाहिलं, मग टबाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कोपरापर्यंत हात घालून तुकडे काढले, तळाशी आणखी काही चाचपलं, ते एप्रनच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, "मीच ठेवली. विसरले."

बघ! कबुली, तीही अशी कोरडी. नेल्सन तिच्यावर कडाडला, "किती वेळा सांगितलं तुला!" आणि ती टब रिकामा करू लागली. मीही मागे राहिलो नाही. बोलता बोलता तिच्या पणजोबांपर्यंत पोचलो. फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या ताटलीत बरगड्या खाल्ल्या. सुरी लावली की ताटली पळायची. तिने काही खाल्लं नाही. मी म्हणालो, "उद्याच निघतो ताईकडे." नेल्सन म्हणाला, "बाबा, जाऊ नका असं सांगून सांगून आता माझं तोंड दुखतं." पोटचा पोरगा, ताई!

तर खोली झाडून ठेव.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. खोलीची घाई नको. आज सकाळी माझा चष्मा उशाशी सापडला. शनिवारपासून हरवला होता. काचा लख्ख, दांडीला त्या टबातल्या साबणाचा वास. पडवीत जाऊन पाहिलं, तर फळीचे दोन्ही तुकडे सावलीत ठेवलेले. उभे टेकवून. मी ठेवलेले नाहीत.

आणखी एक. शनिवारी दुपारी मी चरबी चोळायला बसलो होतो. सहावं कडवं झालं, "सांजेला बैल थांबले, धनी थांबेना," आणि त्यापुढे काहीच येईना. चष्मा काढून, डोळे मिटून बसलो. पुढचं आठवत नाही. कवितेतलंही, त्या दुपारचंही.

सातवं कडवं लिहून पाठव, मोठ्या अक्षरात. पाकिटावर नाव मिर्ताचं घाल. माझ्या हाती आलेली पत्रं हल्ली कुठे जातात कळत नाही. ती वाचून दाखवील. काही विचारणार नाही. तेच मला सोसत नाही.