आखरावरचं शेण

सोमवार, ७ जून १९८२

वडनेरच्या गोबरगॅसवरचा लेख उद्या सकाळी द्यायचा आहे. मथळाही ठरला होता: ‘स्वयंपूर्ण गाव’. पाटलांकडे निळ्या ज्योतीवरचा चहा प्यायलो, टाकी पाहिली. सगळं खरंच चांगलं. निघताना शेतमजूर अनसूयाबाईंच्या दारात पाणी मागितलं. दाराची खालची फळी नव्हती. जुनं दार असेल, असं वाटलं.

पावसाळ्याच्या गोवऱ्या थापून झाल्या का, म्हणून सहज विचारलं. त्या हसल्या. “कशाच्या थापू, भाऊ? पह्यले आखरावर गावचे गुरं उभे राहे, तं तिथलं शेण जो उचलन त्याचं. आता पाटलाचा गडी पहाटेच नेते अन् टाकीत टाकते. मी काय जाळू, तुमचा पेपर?”

मीही हसलो. काऊन हसलो?

चूल मात्र पेटलेली होती. आत जळत होती ती दाराची फळीच, खिळ्यासकट. मग स्वयंपूर्ण म्हणायचं ते कोणाचं गाव? मथळा खोडला आहे, दुसरा सुचत नाही.

पाऊस तोंडावर आला आहे. त्या दाराला अजून चार फळ्या आहेत.